तांबी, अंतरा, छाया की ऑपरेशन? कोणत्या बाईला काय सुचवावं

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आशा म्हणून काम करते. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्याला जातं आणि चैत्र-वैशाखातच परत येतं. तांबी (कॉपर-टी) म्हटलं की बाया ‘नको, ती वर चढते’ म्हणतात. गोळ्या विसरतात. दोन लेकरं झाली की घरचे थेट ऑपरेशनचंच बघतात. सध्या एक सून आहे. वय २१, दोन लेकरं, धाकटं ४ महिन्यांचं, अंगावर पाजते, पाळी अजून आलेली नाही, हिमोग्लोबिन ८.५. तीन वर्षं तरी दिवस जायला नकोत असं ती म्हणते. सासू ऑपरेशनच्या मागं लागली आहे. तिला आणि बाकीच्यांना काय सुचवू?

उत्तर: आशाताई, त्या सुनेचं शेवटी पाहू. तिचा निर्णय करायला आधीचं सगळं लागेल.

सल्ला देताना आपली सवय अशी असते की साधनं पुढं मांडायची आणि ‘यातलं काय पाहिजे’ म्हणून विचारायचं. ज्याच्याबद्दल कमीत कमी वाईट ऐकलंय ते बाई उचलते. हा क्रम उलटा करा. साधनाचं नाव काढण्याआधी चार गोष्टी विचारा. पुढचं मूल कधी हवं आहे: वर्षभरात, तीन वर्षांनी, की आता नकोच? पुढचे सहा महिने ती कुठं असेल, आणि त्रास झाला तर कोणाकडं जाईल? घरात कोणाला कळलेलं चालेल? आणि अंगात काय आहे: रक्त किती, बीपी किती, लेकरू अंगावर पितं का, टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत का, अर्धशिशी आहे का?

आपल्या भागात दुसरा प्रश्न सगळ्यात मोठा. साधन निकामी झालं म्हणून सोडणाऱ्या बाया थोड्या. बहुतेक जणी सोडतात ते पाळी बदलली म्हणून. हा बदल होणार हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, आणि तो सुरू होतो फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत, ओळखीच्या सिस्टरपासून दोनशे किलोमीटर लांब. मग जवळच्या कुठल्या तरी दवाखान्यात तांबी काढून टाकली जाते, नाहीतर पुढचं इंजेक्शन राहतं, आणि वैशाखात बाई परत येते ती तीन महिन्यांची गरोदर. म्हणून दोन गोष्टी पाळा. पाळीचं काय होईल हे साधन देण्याआधी सांगा. आणि साधन सुरू करायचा महिना कॅलेंडर बघून ठरवा. जे साधन पहिले तीन महिने अंगावर जास्त घालवतं ते आषाढ-श्रावणातच सुरू झालं पाहिजे. बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढायच्या आदल्या आठवड्यात ते सुरू करणं म्हणजे बाईला एकटीला त्रासात ढकलणं.

एक अडचण आधीच दूर करू. ‘पाळी येऊ दे, मग ये’ असं सांगून बाईला परत पाठवलं जातं, आणि पाळीऐवजी दिवस जाऊन ती येते. पाळी नसतानाही बाई गरोदर नाही अशी पुरेशी खात्री करता येते. बाळंत होऊन ४ आठवडे झालेले नाहीत; गर्भपात होऊन ७ दिवस झालेले नाहीत; पाळी सुरू होऊन ७ दिवस झालेले नाहीत; मागच्या पाळीपासून संबंधच आलेला नाही; कुठलं तरी साधन नीट चालू आहे; किंवा मूल ६ महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध पिणारं आणि आईची पाळी आलेली नाही. यातलं एक जरी लागू असेल आणि गरोदरपणाचं दुसरं लक्षण नसेल तर साधन सुरू करता येतं. काहीच लागू नसेल तर निश्चय किटवर सकाळची पहिली लघवी तपासा. तरीही शंका राहिली तर निरोध देऊन तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.

‘अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत’ हे वाक्य गावोगाव आहे, आणि ते पूर्ण खोटं नाही म्हणूनच घात करतं. वरच्या यादीतल्या शेवटच्या मुद्द्यातल्या तिन्ही अटी एकदम जुळल्या तर शंभरातल्या दोघींनाच दिवस जातात. पण दोन पाजण्यांमध्ये दिवसा ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये. पहाटे फडात गेलेली आई लेकरू कोपीत थोरल्या मुलीजवळ ठेवते, मधे त्याला पाणी, बिस्किट, वरचं दूध दिलं जातं, की अट मोडली. पाळी यायच्या आधीच बीज बाहेर पडतं, त्यामुळं एकही पाळी न येता पुन्हा गरोदर राहिलेल्या बाया तुमच्याही यादीत असतील. गर्भपातानंतर तर दोन आठवड्यांच्या आतच दिवस जाऊ शकतात, हे आवर्जून सांगत जा.

आता तांबी. वर्षभरात शंभर बायांमागं एकीपेक्षा कमी जणींना तांबी असताना दिवस जातात. निरोध वापरणाऱ्यांत हा आकडा साधारण १३, गोळ्यांत ७, इंजेक्शनमध्ये ४, आणि ‘नवरा सांभाळतो’ म्हणणाऱ्यांत २०. गोळ्या-इंजेक्शनचे आकडे मोठे आहेत ते बहुतेक चुकलेल्या वेळांमुळं. तांबीत लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं, म्हणून ती चुकत नाही. सरकारी दवाखान्यात दोन प्रकार मिळतात: ३८०ए ही १० वर्षं चालते, ३७५ ही ५ वर्षं. कोणती बसवली आणि कधी काढायची हे कार्डावर लिहून घ्या. अनेक घरांत ही तारीखच कोणाला माहीत नसते.

‘वर चढते’ या भीतीला ‘तसं काही नसतं’ एवढं उत्तर पुरत नाही. पिशवीचं चित्र काढून दाखवा. पिशवी म्हणजे मुठीएवढी बंद थैली, खाली एकच तोंड. तांबी तिच्या आत बसते. तिथून छातीत, काळजात जायला वाट नाही. बसवताना पिशवीला भोक पडून ती पोटात जाण्याचा प्रकार हजारात एखादीच्या बाबतीत होतो, तोही बसवण्याच्या वेळचा. खाली उतरून निसटण्याचं प्रमाण त्याहून जास्त आहे: पहिल्या वर्षात शंभरात दोन ते पाच, त्यातही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत आणि पाळीच्या वेळी. त्यामुळं पहिले तीन महिने पाळी संपल्यावर दोरा हाताला लागतो का हे बाईनं बघावं, नाहीतर सिस्टरकडून बघून घ्यावं. मोळी उचलल्यानं, ओणवं काम केल्यानं तांबी खाली येत नाही. दोरा लागला नाही तर क्रम असा: आधी लघवीची तपासणी, मग सोनोग्राफी, त्यात दिसली नाही तर एक्स-रे. तोवर निरोध.

पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, एखाद-दोन दिवस लांबते, ओटीपोट दुखतं. हे होणारच असं सांगा. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत आयब्युप्रोफेन जेवणानंतर घेतलं तर दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात; गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आम्लपित्ताचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आहे. कमी रक्त म्हणून तांबी बसवू नये असा नियम नाही, पण बसवण्याआधी महिनाभर आणि नंतर तीन महिने लोहाच्या गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत. गोळी लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, चहाच्या आधी किंवा नंतर निदान तासाभरानं. जंताची गोळी झाली का तेही बघा.

तांबी कोणाला नाही? ओटीपोटात जंतुसंसर्ग चालू आहे, पिवळसर घाण वासाचं जातं, पाळीच्या मधे कारण न कळता रक्त जातं, किंवा गाठीमुळं पिशवीची आतली जागा वेडीवाकडी आहे. आधी उपचार किंवा तपास, मग तांबी. यासाठीच बसवण्याआधी आतून तपासणी झालीच पाहिजे. बसवल्यावर संसर्गाचा धोका असतो तो पहिल्या तीन आठवड्यांत. ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, वास मारणारा स्राव असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. तांबी असताना पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. अशा बाईला वाट न बघता स्त्री रुग्णालयात किंवा सिव्हिलला हलवा. दोरा नवऱ्याला टोचतो ही तक्रार मात्र साधी आहे. तीन सेंटीमीटर ठेवलेला दोरा काही दिवसांत मऊ पडून वळतो. फारच आखूड कापलेला असेल तर टोचतो, तो सिस्टर पिशवीच्या तोंडाशी कापून देतात.

बाळंत झाल्यावर ४८ तासांच्या आत, किंवा सिझर करतानाच तांबी बसवता येते. फडावर जाणाऱ्या बाईसाठी ही मोठी सोय आहे, कारण नंतर दवाखान्यात यायला तिला सवड नसते. ही तांबी निसटण्याचं प्रमाण थोडं जास्त आहे, दोरा सुरुवातीला दिसत नाही, म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी ठेवा. ४८ तास उलटले तर मग चार ते सहा आठवडे थांबायचं. पण याचं बोलणं सातव्या-आठव्या महिन्यातच व्हायला हवं. कळा येत असताना घेतलेल्या होकाराला काही अर्थ नाही, आणि न विचारता बसवलेली तांबी नंतर कळते तेव्हा ती एक बाई तर जातेच, तिच्यासोबत अख्खी वस्ती तांबीपासून तुटते. गावातली भीती अशाच तांब्यांनी वाढवली आहे.

अंतराचं दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आपल्याकडच्या बाईला बऱ्याच बाबतीत जुळतं. वर्षभर घेतलं की जवळजवळ निम्म्या जणींची पाळी बंद होते. ज्यांचं रक्त मुळात कमी आहे त्यांचा तो फायदाच आहे. टीबीच्या औषधांनी त्याची ताकद कमी होत नाही. घरात खूण राहत नाही. कार्ड तुमच्याकडं ठेवता येतं. पण पहिले काही महिने मधेच डाग पडणं, आठ-दहा दिवस थोडं थोडं जात राहणं होतं, आणि मग पाळी थांबली की भीती सुरू होते: ‘रक्त पोटात साठतंय, गोळा होईल, डोळ्यावर येईल.’ सांगा की इंजेक्शननं पिशवीचं अस्तरच पातळ राहतं. जे तयारच झालं नाही ते साठणार कुठून?

मात्र वर्षभरात मूल हवं असणाऱ्या बाईला अंतरा देऊ नका. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस जायला साधारण ७ ते १० महिने लागतात. डॉक्टरच्या नजरेत हा उशीर किरकोळ. पण नव्या सुनेला तेवढ्यात ‘हिला होत नाही’ म्हणून देवर्षी आणि सवतीच्या गोष्टी सुरू होतात. पहिलं मूल व्हायचं आहे तिथं मी अंतरा शेवटी ठेवीन.

इंजेक्शन पाळीच्या पहिल्या ७ दिवसांत दिलं तर लगेच लागू होतं. नंतर दिलं तर पुढचे ७ दिवस निरोध. बाळंतिणीला, ती पाजत असेल तर, ६ आठवड्यांनंतर. दंडावर किंवा कुल्ल्यावर दिलेली जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. चोळली की औषध लवकर उतरतं आणि तीन महिने पुरत नाही. पुढचं १३ आठवड्यांनी. दोन आठवडे आधी चालतं, चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो. बीपी १६०/१०० च्या वर, पूर्वी लकवा किंवा हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, यकृताचा मोठा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर अंतरा नाही.

गोळ्यांत छाया आणि माला-एन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाया त्यांची सरमिसळ करतात. छायात संप्रेरक (हार्मोन) नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. पहिली रविवारी घेतली तर रविवार आणि बुधवार. सोमवारी घेतली तर सोमवार आणि गुरुवार. तीन महिने झाले की फक्त पहिला वार धरायचा. इथंच घोटाळा होतो: सुरुवातीपासूनच आठवड्याला एक घेतली जाते आणि त्या काळात दिवस जातात. गावच्या बाजाराच्या वारी पहिली गोळी आली तर तो वार विसरत नाही. चुकली आणि ७ दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्या, ठरलेले वार चालू ठेवा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. ७ दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन. पाजणाऱ्या आईला चालते. काही जणींची पाळी पुढं जाते. १५ दिवसांवर गेली तर लघवी तपासा. कावीळ नुकतीच झालेली असेल, बीजकोशात पाण्याच्या गाठी असतील किंवा टीबी चालू असेल तर छाया नको. सहा महिन्यांसाठी निघताना नव्यानं सुरू करत असेल तर २६ आठवड्यांच्या ३९ गोळ्या मोजून बांधून द्या.

माला-एन रोज एक, ठरलेल्या वेळी, रात्रीच्या जेवणानंतर म्हणा. २१ गोळ्या संप्रेरकाच्या, ७ लोहाच्या. पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं. लोहाच्या गोळ्या ‘उगाच’ म्हणून सोडल्या तर नव्या पाकिटाचा दिवस हमखास चुकतो. एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळी चालू ठेवून ७ दिवस निरोध. पाळी आखडते, कमी जाते, दुखणं कमी होतं. पण ही गोळी डोळे झाकून देण्यासारखी नाही. बीपी मोजल्याशिवाय देऊ नका. १४०/९० च्या वर असेल तर नाही. मूल ६ महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईला नाही. डोळ्यांपुढं चमकून मग डोकं दुखतं अशा अर्धशिशीत नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली, यकृताचा आजार, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणारी, यांना नाही. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या तिचा असर कमी करतात. किनवट-माहूरकडं सिकलसेल असलेल्या बायांना ही टाळून अंतरा सुचवणं बरं.

इथंच एक सांगतो. महालक्ष्म्या, तुळजापूरचं नवरात्र, वारी, घरातलं लग्न आलं की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात. त्या गर्भनिरोधक नाहीत. ‘गोळ्या चालूच आहेत’ असं बाई म्हणाली तर पाकीट बघायला मागा.

निरोधाबद्दल थोडक्यात. गुप्तरोग आणि एचआयव्ही यांपासून वाचवणारं हे एकमेव साधन, त्यामुळं नवरा बाहेरगावी राहणारा असेल तर दुसरं साधन असूनही निरोध हवा. ट्रॅक्टरच्या पेटीत उन्हात तापलेला, तारीख उलटलेला फाटतो. खोबरेल तेल लावलं तर काही मिनिटांत कमकुवत होतो. फाटलाच, किंवा काहीच वापरलं नाही, तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी, लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच. जितकी लवकर तितकी उपयोगी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. ती राहिलेला गर्भ पाडत नाही आणि पुढच्या संबंधाला संरक्षण देत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती या गोळीपेक्षा खात्रीची. आणि दिवस गेलेच तर मेडिकलमधून चोरून आणलेल्या गोळ्या कोपीत घेऊ देऊ नका. गर्भ नळीत असेल किंवा अर्धवट पडला तर जिवावर बेतेल एवढा रक्तस्राव होतो. मान्यताप्राप्त केंद्रात २० आठवड्यांपर्यंत, काही ठरावीक कारणांत २४ पर्यंत गर्भपात कायदेशीर आहे, आणि १८ पूर्ण झालेल्या बाईला फक्त स्वतःची सही पुरते.

आता ऑपरेशन. महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण निम्म्या बायांनी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलेलं आहे. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. ज्या बाईला मूल नकोच आहे तिच्यासाठी ऑपरेशन उत्तम आहे. माझी हरकत आहे ती ते विशी-बाविशीत, दुसरं काहीच न वापरता, पहिलं साधन म्हणून करण्याला. सरकारी नियमानं वय २२ ते ४९ हवं आणि एका मुलाचं वय वर्षाच्या वर हवं. नियमात बसली म्हणून योग्य झालं असं नाही. पुढं लेकरू दगावलं, नवरा वारला आणि दुसरं लग्न झालं, तर नळी पुन्हा जोडायचं ऑपरेशन मोठं, महागडं, आणि यशाची खात्री नसलेलं. तिशीच्या आत केलेल्या बायांमध्ये नंतर पस्तावणाऱ्या जास्त असतात. १० वर्षांची तांबी जवळजवळ तेवढीच खात्रीची आहे आणि काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. आज बसवली तर तिशी उलटेपर्यंत निर्णय हातात राहतो.

ऑपरेशन ठरलंच तर: बाळंतपणानंतर ७ दिवसांच्या आत टाक्याचं, नाहीतर ६ आठवड्यांनंतर टाक्याचं किंवा दुर्बिणीचं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर करत नाहीत. उपाशीपोटी जायचं. सही बाईची, नवऱ्याच्या संमतीची कायद्यानं गरज नाही. ४८ तास विश्रांती, आठवडाभर जड काही उचलायचं नाही, संबंधही आठवड्यानंतर. ताप, टाक्यातून पू, वाढतं पोटदुखणं असेल तर लगेच परत. हजारात पाच जणींना ऑपरेशननंतरही पहिल्या वर्षात दिवस जातात. पाळी चुकली तर ‘माझं तर झालंय’ म्हणून थांबू नये, दोन आठवड्यांच्या आत दाखवावं, कारण तेव्हा गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त. प्रमाणपत्र जपून ठेवा; ऑपरेशन फसल्यास भरपाई मागायला ते लागतं.

आणि घरात बोलताना पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीचा विषय काढाच. ‘त्यानं कोयता चालवायचा आहे, त्याला अशक्तपणा येईल’ असं म्हणतात. कोयता दोघांचा असतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढते ती बाईच. नसबंदीत पोट उघडावं लागत नाही, दोन दिवसांत हलकी कामं होतात, पुरुषत्वात फरक पडत नाही. फक्त पहिले तीन महिने निरोध, मग वीर्य तपासून घ्यायचं. लवकर झालेल्या गर्भधारणेवरून बायकोवर संशय घेतला जातो, म्हणून हे तीन महिने दोघांना एकत्र बसवून समजावा.

पिशवी काढणं हे कुटुंब नियोजन नाही, हे मुद्दाम लिहावं लागतं. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जाण्याच्या प्रकाराची राज्य सरकारनं २०१९ मध्ये समिती नेमून चौकशी केली, ती याच जिल्ह्यात. पांढरं जातं, पाळी जास्त जाते, कामात खाडा होतो म्हणून तिशीत पिशवी काढली, सोबत बीजकोशही गेले, तर बाई एका दिवसात म्हातारपणाच्या उंबऱ्यावर येते: हाडं ठिसूळ, अंगाची लाही, काळजाचा धोका. पांढरं जाण्यावर औषध आहे. जास्त जाण्यावर गोळ्या आहेत, संप्रेरकाची तांबी आहे; ती सरकारी पुरवठ्यात नसते, पण पिशवीच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडते. ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाई कोणी केली तर सही करण्याआधी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या किंवा लातूर-नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्यायला लावा.

चाळिशी ओलांडलेल्या बायांना ‘आता काय होतंय’ असं वाटतं. पाळी जाऊन पन्नाशीच्या आत दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष होईपर्यंत साधन लागतं. आणि पाळी जाऊन बराच काळ झालेल्या कोणाची जुनी तांबी आतच असेल तर तीही काढून घ्या.

आता तुमची सून. २१ वय म्हणजे ऑपरेशन नियमातच बसत नाही. सासूला हे सांगायला सोपं जाईल, वाद उरत नाही. माला-एन नको, मूल ६ महिन्यांचं नाही. छाया चालेल, पण फडावरच्या दिवसांत वार राहतो का हे तिलाच विचारा. उरतात तांबी आणि अंतरा, दोन्ही चांगली. तीन वर्षांचा पाळणा आणि ८.५ रक्त पाहता माझा कल अंतराकडं आहे. तिला इंजेक्शनच्या तारखांची कटकट नको असेल तर याच पंधरवड्यात तांबी, म्हणजे जास्त जाण्याचे तीन महिने गावात, तुमच्या नजरेखाली निघतील. निवड तिची. लोहाच्या गोळ्या दोन्हींत चालू, डॉक्टर सांगतील तेवढ्या, आणि महिन्यानं रक्त पुन्हा तपासा.

तिनं अंतरा म्हटलं तर तारखा अशा बसतात. पाळी आलेली नाही, आणि लेकरू फक्त अंगावरच पीत असेल तर गरोदर नाही असं धरून लगेच देता येईल. पहिलं ५ ऑगस्टला दिलं तर दुसरं ४ नोव्हेंबरला. टोळी आधी निघत असेल तर २१ ऑक्टोबरपासून कधीही. ४ नोव्हेंबरला झालं तर तिसरं ३ फेब्रुवारीला आणि उशीर चालतो तो ३ मार्चपर्यंत. २१ ऑक्टोबरलाच झालं तर तिसरं २० जानेवारीला, उशीर १७ फेब्रुवारीपर्यंत. चौथं परत आल्यावर. म्हणजे सबंध हंगामात बाहेर एकच इंजेक्शन. ते सांगली-कोल्हापूरकडं कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, कार्ड दाखवलं की पुरे. कारखान्याचं नाव कळलं की जवळचं केंद्र कोणतं ते तिला लिहून द्या, आणि कार्डाचा फोटो तिच्या, नवऱ्याच्या आणि तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा; कोपीत कागद टिकत नाही. जानेवारीच्या मध्यावर तिला एक फोन करा.